शेवटच्या पैशांतला बूम

विंडसर्फिंगचं, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून पाण्यावर पळायच्या खेळाचं, सामान घ्यायला निघालेल्या माणसाचे पैसे बूमपाशी येईपर्यंत संपलेले असतात. आधी बोर्ड घेतो, कारण तो डोळ्यात भरतो. मग शीड, कारण ते रंगीत असतं आणि फोटोत छान येतं. मग मास्ट, म्हणजे डोलकाठी, कारण तिच्याशिवाय शीड उभंच राहत नाही. एवढं झाल्यावर खिशात जे काही उरेल त्यात बूम, म्हणजे शीड हातानं धरायची नळ्यांची चौकट. "पायपच हाय की वो काका, कुठला बी चालतंय," असं निपाणीचा एक पोरगा मला म्हणाला. पोरगा हुशार, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पण हे वाक्य ऐकवायला त्यानं नेमका माणूस चुकीचा निवडला.

माझं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, पाईप मोजण्यात गेलंय. हायड्रॉलिक सिलिंडरची कामं. बाहेरचा व्यास, आतला व्यास, भिंतीची जाडी, किती वाकेल, कुठं वाकेल. बेळगावात आमच्यासारखे कितीतरी आहेत, आणि हत्तरगीला तर विमानांचे सुटे भाग होतात. अशा गावातल्या माणसासमोर 'पायपच हाय की' म्हणायचं म्हणजे सोनाराला 'पिवळं दिसतंय ना, मग झालं' म्हणण्यातला प्रकार.

ज्यांनी बूम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाक दिलेल्या दोन नळ्या समोरासमोर धरून दोन्हीकडची टोकं जोडायची, मधल्या पोकळीत शीड. पुढचं टोक मास्टला क्लॅम्पनं आवळतात, मागच्या टोकाला शिडाचा मागचा कोपरा दोरीनं ओढून बांधतात. माणूस बोर्डवर उभा राहून ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूची नळी धरतो आणि अंग मागं टाकतो. साध्या शिडाच्या होडीत शिडाचा ताण दोरीवर, कप्प्यांवर, होडीच्या अंगावर वाटला जातो. इथं मधे दुसरं काही नाही. वाऱ्याचं जे काही म्हणणं असेल ते या नळीतून थेट तळहातात येतं. म्हणून मी म्हणतो की बोर्ड थोडा जुना, थोडा जड असला तरी निभावतं. बूम वाईट असला की निभावत नाही.

हा दोन नळ्यांचा बूम आणि मास्टच्या तळाचा सगळीकडं फिरणारा सांधा, ही जोडी बसवली जिम ड्रेक या विमान-अभियंत्यानं. हॉयल श्वायट्झर हा त्याचा भागीदार. कॅलिफोर्नियात १९६८ साली दोघांनी पेटंटचा अर्ज केला आणि १९७० साली पेटंट मिळालं. सुरुवातीच्या त्या 'विंडसर्फर' बोर्डांचे बूम सागवानाचे असत. खानापूरच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसाला हे वाचून उगाच बरं वाटतं.

पुढं इंग्लंडमध्ये या पेटंटवरून खटला झाला. प्रतिपक्षानं पीटर चिल्व्हर्सचं उदाहरण पुढं केलं. १९५८ साली हेलिंग बेटावर बारा वर्षांच्या या पोरानं फळीवर शीड लावून खेळ केला होता. त्याचा बूम दोन सरळ पट्ट्यांचा होता, पेटंटमधला बाकदार. मग हे आणि ते एकच कसं? अपील न्यायालयानं १९८५ साली म्हटलं की त्या सरळ पट्ट्या वाऱ्याचा जोर आला की आपोआप बाक घेत, म्हणजे वापरात दोन्ही सारखेच. पेटंट तिथं टिकलं नाही. कायद्याचं मला फारसं कळत नाही, पण भार आला की बूम वाकतो ही गोष्ट न्यायाधीशांनी लक्षात घेतली याचं मला भारी कौतुक आहे. दुकानात उभा असलेला गिऱ्हाईक ती घेत नाही.

कारण सगळं त्या वाकण्यातच आहे.

झुळूक जोरात आली की शीड बूमला ओढतं. नळ्या वाकल्या की मागचं टोक मास्टच्या दिशेनं किंचित सरकतं. तुम्ही किनाऱ्यावर मोठ्या निगुतीनं दोरी ओढून शीड जेवढं सपाट केलेलं असतं, तेवढं ते राहत नाही, पोट फुगतं. आणि पोट फुगलेलं शीड जास्त ओढ देतं, तीही मागच्या हातावर. म्हणजे वारा वाढला म्हणून शीड सपाट हवं, आणि नेमकं त्याच क्षणी ते फुगतंय. नवशिक्याला वाटतं आपल्या दंडात जोर नाही. दंडाचा काही दोष नसतो, नळी मऊ असते.

आता यात लांबीचा हिशेब घाला. दोन्ही टोकांना टेकलेल्या नळीवर मधे तेवढाच भार टाकला तर तिचं वाकणं लांबीच्या घनाच्या पटीत वाढतं. १५० सेंटिमीटरची नळी आणि तशीच २२० सेंटिमीटरची नळी यांच्यात लांबी दीडपटच्या आत आहे, पण वाकणं तिपटीहून जास्त. कोणी म्हणेल, मोठं शीड हलक्या वाऱ्यात वापरतात, मग भार कमी असेल. तसं नाही. शिडाची ओढ तुम्ही अंगाच्या वजनानं तोलता, आणि तुमचं वजन छोट्या शिडाला वेगळं नि मोठ्या शिडाला वेगळं नसतं. मी ऐंशी किलोचा, तर दोन्हीकडं बूमवर लटकणारे ऐंशी किलो तेच. म्हणून लांब बूमची कसोटी खरी. आखूड बूम साध्या ॲल्युमिनियमचाही चालून जातो.

पोराचं म्हणणं होतं की १६० ते २२० पर्यंत वाढणारा एक बूम घेतो, सगळी शिडं त्यात बसतात, विषय संपला. कागदावर बरोबर आहे. शिडाच्या कोपऱ्यावर दोन आकडे छापलेले असतात, लफ आणि बूम. लफ म्हणजे शिडाची मास्टकडची कड, तिच्यावरून मास्ट ठरतो, दुसरा आकडा बूमची लांबी सांगतो. साधारण ५ चौरस मीटरच्या शिडाला १६५ च्या आसपास, ६.५ ला १८५ ते १९०, ७.५ ला २०५ च्या आगंमागं, ८.५ ला २२० च्या जवळ. कंपनीगणिक फरक पडतो. एकाच मापाचं शीड शर्यतीचं असेल तर लांब बूम मागतं, लाटांवरचं असेल तर आखूड. छापलेल्या आकड्यात दोरीसाठी दोन-एक सेंटिमीटर धरायचे आणि बूमची खूण त्या मापाला लावायची.

पण बूम वाढतो कसा? मागच्या बाजूला नालाच्या आकाराचं एक शेपूट असतं. त्याच्या दोन बारीक नळ्या पुढच्या जाड नळ्यांत शिरलेल्या असतात. खाचा असतात, खटका दाबून शेपूट बाहेर ओढायचं, पुढच्या खाचेत बसवायचं. म्हणजे १६० च्या बूमला २२० करता तेव्हा मागचे साठ सेंटिमीटर जाड नळीचे नसतातच, आतल्या बारीक नळीचे असतात. आणि दोन्ही नळ्या एकमेकींत किती शिरलेल्या राहिल्या? पुरतं ओढलेलं शेपूट जेमतेम धरून असतं. सांधा खुळखुळतो, तिथं ताण गोळा होतो. तेच २१० चं माप १९० ते २४० च्या बूमवर लावा. शेपूट वीसच सेंटिमीटर बाहेर. आकडा तोच, नळी वेगळी.

म्हणून माझा नियम असा, की जे शीड सगळ्यात जास्त वापरणार ते बूमच्या पल्ल्याच्या पहिल्या अर्ध्यात बसलं पाहिजे. शेवटच्या दोन खाचा अडीनडीला आहेत, रोजच्या संसाराला नाहीत.

उलट्या बाजूनंही गोची होतेच. लांब बूमवर छोटं शीड लावलं तर शेपटाच्या आणि शिडाच्या कोपऱ्याच्या मधे वीतभर दोरीच दोरी. मागचं टोक पाण्याला लागतं. शिवाय मोठ्या शिडांना पोट जास्त, म्हणून त्यांच्या बूमचा बाकही रुंद. त्या रुंद बूममध्ये ५ चं शीड घालून पाहा, हात शिडापासून लांब पडतात आणि सगळं पसरट लागतं.

तेव्हा दोन बूम घ्यावेत. एक १४० ते १९० चा, एक १८० ते २३० चा. हे काही माझं संशोधन नाही, बहुतेक जण शेवटी इथंच येतात. वाद आहे तो पैसे कुठल्या बूमला जास्त टाकायचे याचा. आणि इथं मी दुकानदारांचं ऐकत नाही, आमच्या वाऱ्याचं ऐकतो.

आमचा वारा म्हणजे गोव्याचा. बेळगावात जून-जुलैत असा वारा सुटतो की कॅम्पातल्या झाडांच्या फांद्या रस्त्यावर येतात, पण त्याचा काही उपयोग नाही. तेव्हा गोव्यात पावसाळ्यासाठी समुद्र बंद असतो, आणि राकसकोप धरणाचं पाणी सगळं गाव पितं, तिथं कोण शीड घेऊन उतरू देणार? आमचे दिवस फेब्रुवारी ते मे. सकाळी लवकर जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, खाली साखळी, पणजी. जमीन तापली की दुपारी वायव्येकडून समुद्रावरचा वारा उठतो. चांगल्या दिवशी बारा-चौदा नॉट, म्हणजे ताशी बावीस ते सव्वीस किलोमीटर. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर जोर चौपट. बारा नॉटला बोर्ड पाण्यावर उचलायचा तर ऐंशी किलोच्या माणसाला ७.५ किंवा त्याहून मोठं शीड लागतं. ५ चं शीड वीस-बावीस नॉटला. ते आमच्या वाट्याला क्वचित. शर्यतींतही हलक्या वाऱ्यात निघायचं म्हणून शिडं मोठीच असतात. हांगझोच्या आशियाई खेळांत २०२३ साली ईबाद अलीनं विंडसर्फिंगच्या आरएस:एक्स प्रकारात कांस्यपदक आणलं, त्या प्रकारात पुरुषांचं शीड साडेनऊ चौरस मीटरचं.

आणि परदेशी व्हिडिओ बघून आमची पोरं काय करतात? हवाईतल्या लाटांवर उड्या मारणारे लोक आखूड कार्बन बूम वापरतात, म्हणून आपणही आखूड कार्बन घ्यायचा, आणि मोठ्या शिडाला कुठला तरी जुना ॲल्युमिनियम. सगळे पैसे घरात पडून राहणाऱ्या बूमला. आमच्याकडं हे उलटं हवं. लांब बूम कार्बनचा, आखूड ॲल्युमिनियमचा.

कार्बनचं कौतुक वजनासाठी होतं. फरक अर्ध्या-पाऊण किलोचा, तो मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, कसोटी ताठपणाची. पुरता कार्बन झेपत नसेल तर पुढच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या आणि शेपूट कार्बनचं असेही बूम मिळतात. जिथं नळी बारीक होते नेमकं तिथंच ताठ माल घातलेला. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते. एक पथ्य मात्र आहे. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मधे खारं पाणी असलं, की ॲल्युमिनियम लवकर खाल्लं जातं. असा बूम रोज गोड्या पाण्यानं धुवायचा, शेपूट बाहेर काढूनच ठेवायचं.

धुण्याचं आलंच आहे तर उद्यमबागेतली गोष्ट सांगतो. माझा आखूड बूम जुना आहे, गोव्यात एकाकडून घेतलेला. शेपूट आत अडकलंय, हलत नाही, हे त्यानं आधीच सांगितलं होतं, म्हणूनच पडत्या भावात मिळाला. आमच्या शॉपमध्ये आणला तेव्हा मामा लेथवर होते. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने टर्नर, मूळचे हुक्केरीकडचे. त्यांनी बूम हातात फिरवला, सांध्यावरचा पांढरा थर नखानं खरवडला.

"हे कशानं झालंय मालक?"

"समुद्राचं मीठ, मामा."

"मीठ न्हवं वो नुसतं. रेती बी हाय. आणि भोकं बगा की, लांबट झाल्यात."

अडकलेला पाईप म्हटलं की पिळायचा, हा आमचा पहिला विचार. इथं पिळता येत नाही. शेपटाच्या दोन्ही नळ्या मागं जोडलेल्या, दोन्ही एकाच वेळी सरळ बाहेर आल्या पाहिजेत. मामांनी सांध्यात पातळ तेल सोडून रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी फडकं गुंडाळून व्हाइसच्या लाकडी जबड्यांत धरला, वरून उकळतं पाणी ओतलं. मग नायलॉनचा हातोडा, डाव्या नळीवर एक, उजव्या नळीवर एक, पुन्हा डाव्या. मी मदत म्हणून एका बाजूला जरा जोर लावला तर ओरडले, "एकाच बाजूनं नगो! तिरकं बसलं की काम खलास." तासाभरानं शेपूट कुरकुरत बोटभर सरकलं, आणि त्यानंतर सगळं निघालं. आतून ओल्या चुन्यासारखा लगदा पडला. मामांनी बारीक पॉलिश पेपर मारला, व्हर्नियर लावलं, भोकांपैकी कुठली दोन वापरू नयेत यावर मार्करनं फुल्या मारून दिल्या. ग्रीस लावू का विचारलं तर म्हणाले, ग्रीसला रेती धरते, कोरडंच ठेवा.

जुना बूम घेणाऱ्यानं पाहायच्या जागा या अशा आहेत. खटक्याची भोकं गोल आहेत की लांबट. जाड नळी संपते तिथं बारीक चीर आहे का. पुढच्या क्लॅम्पचं रबर कडक झालंय का. मुठीवरचं फोम सैल होऊन फिरतंय का, कारण त्याच्याखाली पाणी मुरतं आणि नळी आतल्या आत खाल्ली जाते, वरून काही दिसत नाही. एक बाजू जमिनीवर ठेवून दुसरी दाबून पाहा. दोन्ही बाजूंना सारखीच दबली पाहिजे.

क्लॅम्पचाही विचार दोन बूमच्या बाजूनंच जातो. मास्ट दोन जातींचे. जाड मास्टच्या तळातून आत जाणाऱ्या एक्स्टेन्शनचा, म्हणजे लांबी वाढवायच्या जोडनळीचा, व्यास ४८ मिलिमीटर, बारीकच्या आतला ३२. मोठी शिडं बहुधा जाड मास्टवर, छोटी बारीकवर. एकच बूम असेल तर दर वेळी क्लॅम्पमध्ये रबराचा तुकडा घाला, काढा, आणि तो तुकडा वाळूत हरवणार हे ठरलेलं. सैल क्लॅम्प पाण्यात हळूहळू खाली घसरतो. फार आवळला तर मास्टला चीर जाते. हार्नेसच्या दोऱ्यांचंही तेच. अंगाला आकडा बांधून ज्या दोऱ्यांना लटकायचं, त्या शिडाच्या ओढीच्या मध्यावर हव्यात. मोठ्या शिडाचा मध्य मागं, छोट्याचा पुढं. प्रत्येक बूमवर एकदा जागा पक्की केली, मार्करनं रेघ मारली, की किनाऱ्यावरची अर्धी कटकट मिटते.

उंची मात्र ज्याची त्यानं ठरवावी. बोर्डवर उभं राहिल्यावर बूम खांद्यापासून हनुवटीपर्यंत कुठंही चालतो, मास्ट ज्यात शिरतो त्या शिडाच्या बाहीला जेवढी खाच कापलेली असते तेवढीच मुभा. मला मोठ्या शिडाला थोडा वर आवडतो. आणि एक क्रम कधी उलटा करू नये. आधी मास्टच्या तळाची दोरी ओढून शीड उभं ताणायचं, नंतर बूमची दोरी. हलक्या वाऱ्यात बूमची दोरी इतकीच, की शीड नळीला टेकू-टेकू म्हणेल. वारा वाढला तर बोटभर आणखी. नवीन माणूस तळाची दोरी कमी ओढतो, कारण ती हाताला लागते, आणि बूमची वाटेल तेवढी, कारण ती सोपी असते.

पोरानं हे सगळं ऐकून घेतलं, आणि मग त्याचा खरा प्रश्न बाहेर आला. "काका, लांब बूम अल्टोत बसतंय काय?" बसतो. १८० ला मिटवायचा, पुढची सीट पाडायची, डिकीतून तिरका घालायचा, क्लॅम्प पुढच्या काचेखाली येतो. शेजारी कोणी बसू शकत नाही. कणकुंबीच्या नाक्यावर कन्नडमध्ये विचारतात हे काय आहे, खाली केरीला कोकणीत विचारतात, आणि दोन्हीकडं 'पायप' म्हटलं की सोडतात. एवढ्यापुरतं पोराचं खरं आहे.

त्यानं शेवटी कार्बन शेपटाचा १८० ते २३० चा घेतला, बोर्ड जुनाच ठेवून. आखूड बूम अजून घेतलेला नाही. एकदा वारा जोरात होता म्हणून माझा मामांनी सोडवलेला मागून नेला, तो अजून निपाणीलाच आहे. फोन केला की म्हणतो, "धुवून ठिवलाय काका, शेपूट बाहेर काढून." धुतलाय हे बरंच झालं, पण पुढच्या आठवड्यात मला तो लागणार आहे.